चित्रात खोली येत नाहीये? आधी डोळा कुठे आहे ते ठरवा

गेल्या दोन महिन्यांत आलेली पत्रं एकत्र घेऊन वाचत बसले तेव्हा लक्षात आलं की बहुतेकांचं दुखणं एकच आहे. चित्र नीटनेटकं आहे, शेडिंगही छान आहे, पण त्यात आत शिरता येत नाही, सगळं कागदाला चिकटल्यासारखं दिसतं. म्हणून या वेळचं सगळं सदर पर्स्पेक्टिव्हला, म्हणजे सपाट कागदावर जवळ-लांब आणि खोली दाखवायच्या पद्धतीला देतेय. पुस्तकात याला यथार्थदर्शन म्हणतात, पण वर्गात सगळे पर्स्पेक्टिव्हच म्हणतात, मीही तेच म्हणते.

प्रश्न: ताई, मी दोन वर्षांपासून रस्त्यांची, इमारतींची चित्रं काढतोय. जवळचं मोठं आणि लांबचं लहान एवढं मला कळतं आणि मी तसंच काढतो. तरी माझ्या रस्त्यावरची माणसं हवेत तरंगतात नाहीतर खड्ड्यात उभी असल्यासारखी दिसतात. चित्राचा फोटो जोडलाय. कुठे चुकतंय?

तुमची माणसं चांगली आहेत हो, उभं राहणं, चालणं सगळं बरोबर पकडलंय. चूक माणसांच्या आधीची आहे. मी तुमच्या फोटोवर फूटपट्टी ठेवून रेषा पुढे वाढवून बघितल्या. रस्त्याच्या दोन्ही कडा कागदाच्या साधारण अर्ध्या उंचीवर एकत्र येतात, डावीकडच्या इमारतीच्या खिडक्यांच्या रेषा त्याच्या बऱ्याच वर जाऊन मिळतात आणि उजवीकडचं दुकान तर असं काढलंय की त्याचं छप्पर वरून दिसतंय. म्हणजे रस्ता उभ्या माणसाने बघितलाय, इमारत गच्चीवरून बघितलीय आणि दुकान कुणीतरी झाडावर चढून. एका चित्रात तीन डोळे झाले, मग बघणाऱ्याला कळतच नाही आपण कुठे उभे आहोत, आणि जिथे आपलेच पाय जमिनीला लागत नाहीत तिथे चित्रातल्या माणसांचे कुठून लागणार.

पर्स्पेक्टिव्ह म्हणलं की लोकांना पट्टी, बिंदू, तिरक्या रेषा आठवतात. पण सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे बघणाऱ्याचा डोळा जमिनीपासून किती उंचीवर आहे, ती पातळी. त्या पातळीची कागदावरची आडवी रेषा म्हणजे क्षितिजरेषा. मी शिकवताना तिला सरळ डोळ्याची रेषा म्हणते, कारण क्षितिज म्हणलं की लगेच समुद्र आणि सूर्यास्त डोळ्यासमोर येतो आणि बंद खोलीतही ही रेषा असते हे विसरायला होतं. जमिनीला समांतर असलेल्या आणि तुमच्यापासून लांब जाणाऱ्या सगळ्या रेषा या रेषेवरच कुठेतरी जाऊन मिळतात, त्या जागेला लोपबिंदू किंवा व्हॅनिशिंग पॉइंट म्हणतात. डोळ्याच्या वरच्या रेषा खाली उतरत तिथे येतात, खालच्या रेषा वर चढत येतात.

आता तुमच्या माणसांकडे येते. सपाट जमिनीवर तुम्ही उभे असाल आणि समोरची माणसं साधारण तुमच्याच उंचीची असतील तर जवळचा असो की अगदी लांबचा, सगळ्यांचे डोळे त्याच एका रेषेवर येतात. लांबच्या माणसाचे पाय वर सरकतात, डोकं जागचं हलत नाही. तुम्ही काय केलंय, लांबचा माणूस लहान केला पण त्याचं डोकंही खाली आणलं, म्हणून तो खड्ड्यात गेला, आणि दुसऱ्याचे पाय वर घेताना डोकंही वर नेलं म्हणून तो तरंगतोय. लहान मूल असेल तर त्याचं डोकं रेषेच्या खाली राहील. तुम्ही खुर्चीवर बसून काढत असाल तर रेषा उभ्या माणसांच्या पोटाच्या थोडी वरून जाईल, आणि ती जवळच्या, लांबच्या सगळ्यांच्या त्याच जागेवरून जाईल. वरच्या मजल्यावरून बघताय? मग सगळी डोकी रेषेच्या खाली. एवढं एक सांभाळलं की गर्दीसुद्धा निम्म्या वेळात काढून होते, खरंच करून बघा.

आणि आकार अंदाजाने लहान करू नका. तीच वस्तू दुप्पट अंतरावर गेली की निम्मी दिसते, तिप्पट अंतरावर एक तृतीयांश. ५ मीटरवरचा माणूस कागदावर १२ सेंटिमीटरचा असेल तर १० मीटरवरचा ६ चा आणि २० मीटरवरचा ३ चा. बहुतेक जण लांबच्या वस्तू पुरेशा लहान करतच नाहीत, कारण मन म्हणत असतं अरे तो तर माझ्याएवढाच आहे.

हे सगळं वाचून पटणार नाही, म्हणून एक करा. खिडकीच्या बंद काचेसमोर बसा, हनुवटीखाली पुस्तकांची चवड ठेवा म्हणजे डोकं हलणार नाही, एक डोळा मिटा आणि बाहेर जे दिसतंय ते पुसता येणाऱ्या मार्करने काचेवरच गिरवा. समोरच्या घराची कड, रस्ता, एखादा खांब, एवढं पुरे. झालं की डोकं फक्त दोन बोटं बाजूला सरकवा. काचेवरचं घर बाहेरच्या घरावरून घसरून जातं आणि परत त्याच जागी डोकं आणलं की पुन्हा नीट बसतं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा कितीतरी वेळ नुसती डोकं हलवत बसले होते. आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराने १५२५ साली छापलेल्या भूमितीच्या पुस्तकात काचेवर गिरवणाऱ्या चित्रकाराचं चित्रच दिलंय, आणि त्यातही डोळा हलू नये म्हणून डोळ्यासाठी वेगळा आधार उभा केलेला दिसतो.

प्रश्न: क्षितिजरेषा कागदाच्या मधोमधच काढायची असते का? आणि मागे डोंगर असेल तर डोंगराचा माथा म्हणजे क्षितिज धरायचं का?

दोन्हीला नाही. रेषा कागदावर कुठेही घ्या, वर घेतली तर जमीन जास्त दिसेल, खाली घेतली तर आकाश जास्त मिळेल, कधी कधी ती कागदाच्या बाहेरसुद्धा असते, एकदम खाली वाकून बघताना होतं तसं. डोंगर, झाडं, इमारती या रेषेसमोर उभ्या असतात, तिला झाकतात, पण म्हणून रेषा त्यांच्या माथ्यावर जात नाही. शंका आली तर पोस्टकार्डाएवढा जाड कागद डोळ्यासमोर एकदम आडवा धरा, वरची बाजूही दिसायला नको आणि खालचीही नको, नुसती कड दिसली पाहिजे. ती कड समोर जिथे टेकलेली दिसते तिथे तुमची रेषा.

प्रश्न: ताई मी नववीत आहे. टू पॉइंट पर्स्पेक्टिव्हने बिल्डिंग काढली, सगळे नियम पाळले, सगळ्या रेषा बरोबर पॉइंटला नेल्या तरी बिल्डिंगचा कोपरा टोकदार होऊन अंगावर आल्यासारखा दिसतो. मित्र म्हणतात जहाज काढलंयस. नियमच चुकीचे आहेत का?

नियम बरोबर आहेत आणि तूही बरोबर आहेस, फक्त तुझे दोन्ही पॉइंट, म्हणजे बिल्डिंगच्या दोन बाजूंच्या रेषा जिथे जाऊन मिळतात ते दोन लोपबिंदू, कागदाच्या आत आहेत. शाळेच्या वहीत जागा तेवढीच असते म्हणून सगळेच असं करतात, आणि मग चित्रातली वस्तू अशी दिसते जशी आपण तिला नाक लावून बघतोय. पॉइंट एकमेकांच्या जेवढे जवळ तेवढा बघणारा वस्तूच्या जवळ. एवढ्या जवळून खरी बिल्डिंग कधी अख्खी दिसतच नाही रे, मान वर करावी लागते, मग वाकडी-टोकदार वाटणारच.

एक चाचणी सांगते, ती पुस्तकात पटकन सापडत नाही. दोन पॉइंटच्या मधलं अंतर हा व्यास धरून एक मोठं वर्तुळ काढ, हलक्या हाताने. जमिनीवरचा पुढचा कोपरा त्या वर्तुळाच्या आत असेल तर तिथला कोन ९० अंशांपेक्षा मोठा येतो आणि डोळ्याला तो बिल्डिंगचा कोपरा वाटतो. वर्तुळाच्या बाहेर गेला की कोन ९० पेक्षा लहान होतो आणि तुझं जहाज तयार होतं. भूमितीत अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो ते शिकलायस ना, तेच आहे हे. आणि आत म्हणजे अगदी काठावर नको, वर्तुळाच्या मधल्या भागात चित्र राहिलं तर उत्तम.

आता पॉइंट बाहेर न्यायचे कसे. कागद मोठ्या बोर्डावर किंवा जुन्या टेबलावर टेपने चिकटव, क्षितिजरेषा दोन्ही बाजूंना टेबलावर वाढव आणि लांब कुठेतरी दोन टाचण्या टोच. त्यांना दोरा बांध, दोरा ताणून धरला की तीच तुझी पट्टी, कागदावर हवी तिथे टेकवायची आणि बाजूने पेन्सिल फिरवायची. जुने लोकही असंच करायचे. लिओनार्दो दा विंचीच्या ‘लास्ट सपर’ या भिंतीवर काढलेल्या चित्रात येशूच्या कानशिलापाशी एक बारीक भोक सापडलंय, खोलीच्या छताच्या, भिंतींच्या रेषा तिथेच जाऊन मिळतात. भिंतीत खिळा ठोकून त्याने तिथून दोरे ताणले असणार असं अभ्यासक मानतात. त्यामुळे टाचणी वापरायला अजिबात लाजू नकोस.

आणि उभ्या रेषा उभ्याच ठेव, फूटपट्टीने तपासून. तिसरा पॉइंट, म्हणजे उभ्या रेषाही जिथे मिळतात तो, फक्त तेव्हा, जेव्हा मान खूप वर करून किंवा खूप खाली वाकून बघतोयस असं दाखवायचंय. त्याची घाई करू नकोस.

प्रश्न: वस्तुचित्रात माझी भांडी नेहमी बिघडतात. पेल्याचं तोंड छान लंबगोल येतं, बुड मात्र सरळ टेबलावर टेकलेलं असतं म्हणून मी खाली सरळ रेषा मारते, तर पेला अर्धा कापून चिकटवल्यासारखा दिसतो. बुड तर सपाटच असतं ना?

बुड सपाट असतं, पण ते सपाट बुड तुम्ही वरून बघताय. तुम्हीच लिहिलंय की तोंड लंबगोल दिसतं, म्हणजे डोळा तोंडाच्या वर आहे. मग बुडाच्या तर आणखीनच वर आहे. गोल जितका डोळ्याच्या पातळीपासून खाली तितका तो जास्त उघडतो, म्हणून बुडाची गोलाई तोंडापेक्षा जास्त फुगीर हवी, कमी नाही. नेमकी उलटी चूक सगळे करतात.

एक काचेचा पेला घ्या, अर्धा पाण्याने भरा आणि टेबलावर ठेवा. आता हळूहळू गुडघे वाकवत खाली जा. आधी तीन लंबगोल दिसतात, तोंडाचा चपटा, पाण्याचा त्याहून थोडा उघडा, बुडाचा सगळ्यात उघडा. खाली जाल तसे तिन्ही चपटे होत जातात, आणि एक क्षण असा येतो की तोंडाची नुसती रेघ होते, एक केसाएवढी रेघ, तेव्हा तुमचा डोळा बरोबर तोंडाच्या पातळीवर असतो. आणखी खाली गेलात की तोंड परत उघडतं पण उलट्या बाजूने, आता मागची कड खाली आणि पुढची कड वर दिसते, आणि पाणी अजून तुमच्या खालीच आहे म्हणून त्याची पुढची कड खाली. एकाच पेल्यात दोन गोल दोन दिशांनी वळलेले. हे एकदा स्वतः वाकून बघितलं की कुणी सांगायची गरज राहत नाही, म्हणून वाचून सोडून देऊ नका.

काढताना बुडाचा गोल पूर्ण काढा, मागची न दिसणारी बाजूसुद्धा, जणू पेला काचेचाच आहे, आणि मग नको ती रेषा पुसा. लंबगोलाची दोन टोकं कधीच टोकदार नसतात, तिथे लहान पण गोलच वळण असतं. लिंबाच्या फोडीसारखं टोक आलं की समजायचं आपण वरची कमान वेगळी काढली आणि खालची वेगळी आणि मग दोन्ही चिकटवल्या. मनगट न टेकवता खांद्यातून हात फिरवत दोन-तीन वेळा अख्खा गोल काढा, मग त्यातला बरा गडद करा. आडव्या पडलेल्या पेल्याला, चाकाला, ढोलालाही हेच लागू, फक्त लंबगोलाची छोटी मधली रेषा ही चाकाच्या आसाच्या दिशेने ठेवायची, बाकी आपोआप जमतं.

प्रश्न: रस्त्याच्या कडेचे विजेचे खांब काढताना लांब जाताना अंतर कमी होतं हे माहितीये, पण किती कमी? मी अंदाजाने काढतो आणि ते कधीच खरं वाटत नाही.

अंदाज करायचाच नाही, कर्णरेषा सांगते किती ते. पहिला खांब काढा, त्याच्या वरच्या आणि खालच्या टोकापासून लोपबिंदूपर्यंत दोन रेषा न्या. दुसरा खांब डोळ्याला बरा वाटेल तिथे त्या दोन रेषांमधे उभा करा, एवढा एकच तुमच्या मर्जीचा. आता दुसऱ्या खांबाचा मध्य काढा आणि पहिल्याच्या माथ्यापासून त्या मध्यातून जाणारी सरळ रेषा खाली न्या, ती जमिनीच्या रेषेला जिथे टेकेल तिथे तिसरा खांब. मग दुसऱ्याच्या माथ्यापासून तिसऱ्याच्या मध्यातून चौथा, असं जात रहा. हे का चालतं ते बघा, आयताचा कर्ण आयताच्या मध्यातून जातो, समोरून बघा की तिरकं बघा, ते बदलत नाही. त्याच युक्तीने भिंतीचा मध्य सापडतो म्हणजे दार बरोबर मधे बसतं, उतरत्या छपराचं टोक नेमकं कुठे येईल ते कळतं. पट्टीने मोजून भिंतीचा मध्य काढाल तर तो हमखास चुकेल, कारण जवळचा अर्धा भाग कागदावर मोठा असतो.

रस्ता चढाचा असेल तर एक लक्षात ठेवा, चढणाऱ्या रस्त्याच्या कडा क्षितिजरेषेवर मिळत नाहीत, त्या तिच्या वर मिळतात, उताराच्या खाली. पण रस्त्याकडेच्या घरांच्या खिडक्या आडव्याच असतात, त्या आपल्या नेहमीच्या रेषेवरच जातात. दोन्ही एकाच बिंदूला नेले की चढ गायब होतो.

प्रश्न: मी मोबाइलवर फोटो काढून त्यावरून चित्र काढते. फोटोत सगळं पर्स्पेक्टिव्ह बरोबरच असणार ना, तरी चित्र विचित्र दिसतं, खोलीतल्या भिंती बाहेर पडतायत असं वाटतं. असं का?

फोटो खोटा नसतो, पण तो कॅमेऱ्याच्या डोळ्याचा असतो, तुमच्या नाही. मोबाइलची लेन्स रुंद बघते म्हणून सगळं फ्रेममधे बसवायला आपण नकळत वस्तूच्या फार जवळ जातो, आणि पर्स्पेक्टिव्ह ठरतं ते फक्त अंतरावरून. हिशोब करून दाखवते. २० सेंटिमीटर खोल खोका आहे. ३० सेंटिमीटरवरून फोटो काढला तर पुढची कड ३० वर, मागची ५० वर, म्हणजे मागची कड पुढच्या कडेच्या ६० टक्के एवढीच दिसणार. तोच खोका २ मीटरवरून, २०० आणि २२०, मागची कड जवळजवळ ९१ टक्के. पहिल्या फोटोत खोका पसरलेला, दुसऱ्यात शांत. म्हणून मागे जा, झूम करा किंवा नंतर क्रॉप करा, पण जवळ जाऊ नका.

भिंती बाहेर पडण्याचं कारण वेगळं आहे. तुम्ही मोबाइल खाली झुकवून धरलाय, त्यामुळे उभ्या रेषा खालच्या बाजूला एकमेकींकडे येतात आणि वर फाकतात. मोबाइल भिंतीला समांतर, सरळ उभा धरा, तुम्ही जिथून चित्र काढणार त्याच उंचीवर, बसून काढणार असाल तर बसून. आणि शक्य असेल तेव्हा फोटो बाजूला ठेवून खऱ्या खोलीसमोर बसा हो, पेन्सिल हात ताठ लांब करून धरा, एक डोळा मिटा, रेषेचा तिरकेपणा पेन्सिलीने पकडा आणि तसाच हात न फिरवता कागदावर आणा. हात ताठच हवा, कोपरात वाकला की माप बदलतं. फोटो माप आयतं देतो, पण ते माप घेण्याची सवय डोळ्याला लागायची राहून जाते आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

प्रश्न: जंगलात कुठली आलीये सरळ रेषा! मी फक्त झाडं आणि डोंगर काढते. मला पर्स्पेक्टिव्हचा काय उपयोग?

रेषा नसतील पण हवा आहे ना. तुमच्या आणि लांबच्या डोंगराच्या मधे काही किलोमीटर हवा असते, त्यातले कण प्रकाश विखुरतात, निळा जास्त विखुरतो, म्हणून लांबचा डोंगर निळसर आणि फिका होत जातो, त्याचे गडद भाग सगळ्यात आधी फिके होतात. लिओनार्दोने आपल्या टिपणांत यावर भरपूर लिहून ठेवलंय. पेन्सिलीत काम करत असाल तर सोपं करते. पुढच्या झाडाला ६बी म्हणजे सगळ्यात गडद पेन्सिल, मधल्या ओळीला त्याहून फिकी २बी, मागच्या डोंगराला आणखी फिकी एचबी आणि तीसुद्धा हलकी, आणि मागे शुद्ध पांढराही नको आणि काळाही नको. तुमच्या चित्रात मागच्या डोंगरावरसुद्धा एक एक झाड काढलंय, फार प्रेमाने काढलंय ते दिसतं, पण तेच त्याला पुढे ओढतंय. मागे फक्त आकार ठेवा, तपशील पुढच्या एखाद्या खोडाच्या सालीवर खर्च करा.

आणि सगळ्यात जुना, सगळ्यात जोरदार उपाय म्हणजे झाकणं. एका खोडाने दुसऱ्याचा थोडा भाग झाकला की मागचं मागे गेलंच, बाकी काही करावं लागत नाही. तुम्ही प्रत्येक झाड सुटं सुटं उभं केलंय, कुणाचा कुणाला धक्का नाही. हे किती महत्त्वाचं आहे ते बघायचं असेल तर विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराचं १७५४ चं एक छापचित्र शोधा, त्याने मुद्दाम पर्स्पेक्टिव्हच्या चुकांनी भरलंय ते. लांबची झाडं जवळच्या पाटीच्या पुढे आलीयेत आणि खिडकीतली बाई लांबच्या टेकडीवरच्या माणसाचा पाइप पेटवून देतेय. एक एक चूक शोधत बसा, मुलांनाही घ्या सोबत.

प्रश्न: लघुचित्रांत कुठे असतं पर्स्पेक्टिव्ह? तरी ती किती सुंदर असतात. मग हे शिकायची सक्ती का?

सक्ती नाहीच, आणि तुम्ही हे विचारलंत ते फार बरं केलं. लघुचित्रात गालिचा वरून बघितल्यासारखा असतो, त्यावर बसलेली माणसं बाजूने, मागची बाग गालिच्याच्या वर रचलेली, कारण त्या चित्रकाराला एका जागी उभं राहून बघायचंच नसतं, गालिच्याची नक्षीही पूर्ण दाखवायचीये आणि चेहराही. चिनी गुंडाळीचित्रात समांतर रेषा समांतरच राहतात, कारण बघणारा चित्र उलगडत उलगडत पुढे जातो, त्याला एका जागी खिळवणारा बिंदू आड आला असता.

पर्स्पेक्टिव्हची पद्धत अगदी उलट विचारातून आली. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या फ्लॉरेन्समधे ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने तिथल्या बाप्तिस्मागृहाचं छोटं चित्र एका फळीवर काढलं आणि त्या फळीलाच भोक पाडलं. बघणाऱ्याने फळीच्या मागून त्या भोकाला डोळा लावायचा आणि समोर आरसा धरून त्यात चित्र बघायचं. म्हणजे डोळा नेमका तिथेच हवा याची सोयच केली. पुढे १४३५ मधे अल्बेर्ती या इटालियन लेखक-वास्तुकाराने ही पद्धत लिहून काढली आणि चित्र म्हणजे उघडी खिडकी असं समजावलं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, एक डोळा ठेवा किंवा पाच ठेवा पण ठरवून ठेवा. लघुचित्रकाराने ठरवलेलं असतं. पहिल्या प्रश्नातल्या रस्त्यावर तीन डोळे नकळत आले होते.

प्रश्न: ऑफिस सांभाळून रोज जेमतेम १५ मिनिटं मिळतात. त्यात काय काढू?

एक काडेपेटी किंवा साबणाचा खोका, आणि वहीचं एक पान. आज खोका जमिनीवर ठेवून उभ्याने काढा, वरची बाजू चांगली मोठी दिसेल. उद्या टेबलावर ठेवून खुर्चीत बसून काढा, वरची बाजू चपटी झालेली असेल. परवा पुस्तकं रचून तो बरोबर डोळ्याच्या पातळीवर आणा, वरची बाजू नाहीशी होईल, आणि चौथ्या दिवशी कपाटावर ठेवा म्हणजे कडा मागे जाताना खाली उतरताना दिसायला लागतील. प्रत्येक पानावर आधी डोळ्याची रेषा काढायची, मग खोका, शेडिंग नाही, खोडरबर नाही. चार दिवस झाले की खोका थोडा फिरवून परत पहिल्यापासून. तीन आठवडे करा आणि पहिलं पान आणि शेवटचं पान दोन्हींचा फोटो मला पाठवा, रेषा मी वाढवून बघते.